सत्ता एका मुठीत राहू नये म्हणून



अभ्यासवर्गांतून एक प्रश्न वारंवार येतो. "परमपूज्य बाबासाहेबांनी घटना घडविली हे आम्हांस ठाऊक आहे, पण त्या घटनेत आहे तरी काय?" राखीव जागा आणि कलम १७ ने नष्ट केलेली अस्पृश्यता, एवढ्यावर आपल्या घरांतील माहिती बहुधा थांबते. ह्या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. परंतु ३९५ कलमांच्या त्या मूळ ग्रंथातील पुष्कळ मोठा भाग निराळ्याच कामासाठी खर्ची पडला आहे. राज्य करणाऱ्याच्या हाती किती सत्ता द्यावी, ती कोणी मोजावी आणि हात लांबला तर कोणी धरावा, हे ते काम. आजचा पाठ त्याविषयी आहे.

सत्ता एकवटणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. वतनाचा काळ ज्यांनी पाहिला त्या आजोबा-आजींना विचारा. गावात नियम कोण करी? गाव. तो पाळायला कोण लावी? गाव. मोडला म्हणून शिक्षा कोण देई? पुन्हा गावच. वेठीला नकार दिला की बलुते बंद, बलुते बंद म्हणजे चूल बंद. आणि तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ओट्यापुढे हात जोडून उभे राहायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. तीस वर्षे लागली. ज्यांच्या हाती सर्व काही असते ते आपण होऊन काही सोडत नाहीत, एवढे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

राज्यकारभाराची तीन कामे आहेत. कायदा करणे, तो अमलात आणणे आणि त्यावरून तंटा झाला तर निवाडा देणे. फ्रान्समधील माँतेस्क्यू नावाच्या विचारवंताने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की ही तिन्ही कामे एकाच्या हाती गेली तर माणसाचे स्वातंत्र्य उरत नाही. आपल्या आज्यांना हे माँतेस्क्यूशिवाय कळत होते.

ही तीन कामे निरनिराळी कशी, हे समजून घेण्यास महाडइतके चांगले उदाहरण नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलाने रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र हात लावता येईना, कारण ठराव अमलात आणणारे कोणी पुढे येईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह जाऊन ते पाणी प्राशन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारोंसमोर बाबासाहेबांनी तो हुकूम मानला. मनुस्मृतीचे दहन मात्र केले. पुढे तो दावा एकेक पायरी चढत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची फार पुरातन वहिवाट आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

आता ह्या हकीकतीकडे नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. कायदे करणाऱ्या सभेने ठराव केला, तरी अंमल करणाऱ्याने हात हलविले नाहीत. नगरपालिकेने एका बहुमताने दिले, ते तीन वर्षांनी दुसऱ्या बहुमताने काढून घेतले. न्यायालयाने न्याय दिला, परंतु दहा वर्षांनी. सभेतील बहुमताच्या मर्जीवर अवलंबून असलेला हक्क किती कच्चा असतो, हे महाडने शिकविले. पुढे घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते सर्वांस खुले राहतील अशी तरतूद झाली. ती साध्या बहुमताने मागे घेता येत नाही. कलम १३ असे सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा, मग तो संसदेने का केलेला असेना, विसंगतीपुरता रद्दबातल होय. आणि कलम ३२ अन्वये हक्क हिरावला गेलेल्या माणसास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. घटनेतील सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे विचारले तर आपण ह्याच कलमाकडे बोट दाखवू, ते घटनेचा आत्मा आणि हृदय आहे, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत काढले होते.

न्यायाधीश सरकारच्या ताटाखालचे मांजर झाला तर ह्या कलमाचा काय उपयोग? म्हणून त्याच्या पोटाची आणि पदाची व्यवस्था घटनेनेच करून ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा पगार दरवर्षी संसदेच्या मताला टाकला जात नाही. तो नेमणुकीनंतर त्याला तोट्याचा होईल असा बदलता येत नाही. त्याला पदावरून दूर करायचे तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते, आणि दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांचे बहुमत व हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश, असे दुहेरी बहुमत लागते. खालच्या पायरीवरही हेच तत्त्व आहे. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा अधिकारीच मॅजिस्ट्रेटही असे. पोलिसांवर देखरेख त्याची आणि पकडलेल्याचा निवाडा करण्याचे अधिकारही त्याला. कलम ५० ने ही दोन कामे वेगळी करण्याची दिशा राज्यांना दिली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी असे दोन वर्ग देशभर स्पष्टपणे वेगळे केले. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तरी ही विभागणी कायम आहे. आपला मुलगा उद्या एखाद्या गुन्ह्यात गोवला गेला, तर त्याला पकडणाऱ्या पोलिसाने चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. ह्या चोवीस तासांत प्रवासाचा वेळ धरला जात नाही. हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असले पाहिजे.

कायदेमंडळ आणि मंत्रिमंडळ ह्यांच्यात मात्र आपल्या घटनेने अमेरिकेसारखी भिंत घातलेली नाही. तेथे अध्यक्ष निराळा निवडला जातो आणि ठरावीक मुदतीपर्यंत त्याला सहसा कोणी हलवू शकत नाही. आपल्याकडे मंत्री हे सभागृहाचे सभासद असतात, नसले तर सहा महिन्यांच्या आत व्हावे लागतात. मग सत्ता वेगळी झाली कोठे, असा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतो. ह्याचे उत्तर बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आहे. सरकारला स्थैर्यही हवे आणि जबाबदारीही हवी; दोन्ही सारख्या प्रमाणात साधणारी पद्धत अजून सापडलेली नाही; मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी अधिक पसंत केली आहे, असे त्यांनी सांगितले. प्रश्न, तहकुबी सूचना, अविश्वासाचा ठराव ह्यांच्या द्वारे सरकारचा हिशेब रोजच्या रोज घेतला जातो, आणि मतदार तो निवडणुकीच्या वेळी घेतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० मतांनी, म्हणजे एका मताने, पडले. कोणी रस्त्यावर उतरला नाही, गोळी सुटली नाही. मते मोजली गेली आणि देशाच्या पंतप्रधानाने राजीनामा दिला.

हा रोजचा हिशेब आता पूर्वीइतका कडक राहिलेला नाही, असे माझे मत आहे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा घटनेत आला. पैशासाठी पक्ष बदलणाऱ्यांना आळा बसावा, हा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर सभासदत्व जाते, म्हणून सत्ताधारी पक्षाचा आमदार-खासदार आपल्याच मंत्र्याच्या विधेयकाविरुद्ध मत देण्याची हिंमत करीत नाही. ज्याने मंत्र्याला जाब विचारायचा त्याचे सभासदत्व पक्षाच्या मुठीत गेले, आणि पक्ष बहुधा मंत्र्यांच्याच मुठीत असतो.

बहुमत ह्या विषयावर आपल्या लोकांनी आणखी थोडे थांबले पाहिजे, कारण बाबासाहेबांची खरी चिंता येथे होती. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातील मुद्दा असा, की इंग्लंडातील बहुमत हे राजकीय मतांचे असते. ते आज एका पक्षाकडे, उद्या दुसऱ्याकडे जाते. भारतातील बहुमत जन्माने ठरते. जातीने बहुसंख्य असलेला उद्या अल्पसंख्य होत नाही. अशा देशात इंग्लंडच्या धर्तीचे मंत्रिमंडळ जसेच्या तसे आणले, तर एका समाजाच्या हाती कायमची सत्ता जाईल. म्हणून पंतप्रधान सर्व सभागृहाने मिळून निवडावा आणि मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावेत, असे त्यांनी सुचविले होते. ही सूचना घटनेत उतरली नाही. आपल्या सभांतून कधी कधी असे बोलले जाते की घटनेतील प्रत्येक अक्षर बाबासाहेबांच्या मनासारखे आहे. तसे नाही. त्यांना तडजोडी कराव्या लागल्या, आणि मंत्रिमंडळाची रचना जशी हवी होती तशी मिळाली नाही, तेव्हा बहुमताला आवर घालणाऱ्या इतर संस्थांचे महत्त्व कितीतरी पटींनी वाढले. त्यांतील न्यायालयाचे आपण पाहिले. दुसरी पैशाची.

आपल्या विहाराच्या बांधकामाचा निधी जमतो तेव्हा खजिनदार आणि हिशेब तपासनीस एकच माणूस असेल तर काय होते, ते सांगण्याची गरज नाही. माणूस भला असला तरी संशय राहतो. घटनेने हेच ओळखले. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसविता येत नाही (कलम २६५), आणि संसदेने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय सरकारी तिजोरीतून पैसा काढता येत नाही. खर्च झाल्यावर तो तपासणारा नियंत्रक व महालेखापरीक्षक सरकारचा चाकर नव्हे. त्याला काढणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकेच अवघड आहे. आणि पद सोडल्यावर केंद्राची किंवा राज्याची कोणतीही सरकारी नोकरी त्याला घेता येत नाही, म्हणजे उद्याच्या खुर्चीच्या आशेने आजचा हिशेब सैल होऊ नये. ३० मे १९४९ रोजी बाबासाहेब म्हणाले होते की हा अधिकारी बहुधा घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचे आहे. त्याचे अहवाल संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे येतात. शिष्यवृत्तीचा पैसा, वसतिगृहांचा पैसा मंजूर किती झाला आणि पडून किती राहिला, हे त्या अहवालांतून बाहेर येते. शिकलेल्या मुलांनी ते वाचावेत. कंटाळवाणे असतात, तरी वाचावेत.

घाईच्या वेळी, अधिवेशन चालू नसताना, सरकारला वटहुकूम काढता येतो. पण सभागृह भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो, आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर ठेवता येत नाही. ह्या कुंपणालाही पळवाट सापडली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून दाखविले की १९६७ ते १९८१ ह्या काळात तेथे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर दहा वर्षांहूनही अधिक काळ. अधिवेशन संपले की पुन्हा तोच वटहुकूम, तीच अक्षरे. विधिमंडळ नावाची वस्तू आहे ह्याचा जणू विसरच पडला होता. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांनी ही घटनेशी केलेली लबाडी असल्याचा निर्णय दिला. एक प्राध्यापक, जुन्या राजपत्रांचे ढीग आणि कलम ३२. एवढ्या भांडवलावर एका राज्यसरकारला जाब द्यावा लागला.

परंतु कुंपण एकदा जवळजवळ सर्व बाजूंनी मोडले होते, हेही सांगितले पाहिजे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. विरोधी पुढारी तुरुंगात, वृत्तपत्रांवर नियंत्रण. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती झाली, की पंतप्रधानाच्या निवडणुकीचा प्रश्न न्यायालयात नेताच येऊ नये. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली. आणि २८ एप्रिल १९७६ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला, की आणीबाणी चालू असेतो बेकायदा कैदेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने त्यांना मिळायचे ते मिळाले नाही. त्यांनी राजीनामा दिला.

मग घटनेची ती सगळी बांधणी वाया गेली काय? पूर्णपणे नाही. ३९ व्या दुरुस्तीतील ते कलम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीच्या भरात, रद्द केले. त्याचा आधार होता २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती खटल्याचा निकाल. तेरा न्यायाधीश बसले होते. सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरले की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही. गंमत अशी की तो खटला केरळातील एका मठाधिपतीने जमीन सुधारणेच्या कायद्याविरुद्ध लावलेला होता. भूमिहीनांच्या दृष्टीने पाहिले तर वादी आपल्या बाजूचा नव्हता. त्यातून निघालेला नियम मात्र सर्वांच्या कामी आला.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि मतदारांनी सरकार घालविले. पंतप्रधान स्वतः हरल्या. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने भगदाडे बुजविली. 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतीने आणीबाणी जाहीर करायची नाही. संसदेने एका महिन्यात विशेष बहुमताने मान्यता दिली पाहिजे. दर सहा महिन्यांनी पुन्हा मान्यता घ्यावी. आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही. १९७६ चा तो निकालही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चुकीचा ठरविला. एक्केचाळीस वर्षांनी. महाडचे दहा वर्षे आठवा.

केंद्र आणि राज्ये ह्यांतील वाटणी हा स्वतंत्र पाठाचा विषय आहे, तो पुढे घेऊ. खालच्या पातळीबद्दल मात्र दोन शब्द. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा व नगरपालिका ह्यांना घटनेत जागा मिळाली, अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक झाले. तरीही आपल्याच राज्यात आरक्षणाच्या वादामुळे २०२२ पासून कितीतरी महानगरपालिका व जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हता. गटार तुंबले तर जाब कोणाला विचारायचा? ज्या अधिकाऱ्याने ठराव करायचा त्यानेच तो अमलात आणायचा. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की सभेचे नियम भारताला नवे नाहीत. भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान ह्या साऱ्यांचे नियम होते. विनयात ठराव मांडण्याला 'ञत्ति' असा शब्द आहे, आणि मते शलाकांनी, म्हणजे लहान काड्यांनी, घेतली जात. संघात कालचा आलेला भिक्खूही बसे आणि तथागतांनी आपल्यामागे कोणास गादीवर बसविले नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता राहतील असे सांगितले. त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला आहे. तो इशारा सर्वच पुढाऱ्यांच्या भक्तांसाठी आहे, आपल्या पुढाऱ्यांच्या भक्तांसाठीसुद्धा.

पुढील पंधरवड्याच्या अभ्यासवर्गासाठी एवढे करून यावे. आपल्या ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची मुदत केव्हा संपते ते लिहून आणावे. गेल्या ग्रामसभेला घरातील कोण हजर होते आणि कोणता ठराव झाला, ते विचारून यावे. माता-भगिनी गेल्या नसतील तर का गेल्या नाहीत, तेही. आणि ज्या घरी घटनेची मराठी प्रत आहे त्यांनी ती सोबत आणावी. कलम १२ पासून ३५ पर्यंत मोठ्याने वाचावयाचे आहे, एकेकाने एकेक कलम.